स्पर्धा कायद्यात अर्थशास्त्राची जागा कोणती : नियम घडवताना की प्रत्येक खटल्यात?

धरमपेठचा_मास्तर

नमस्कार मंडळी.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२५ रोजी शॉट ग्लास प्रकरणाचा निकाल दिल्यापासून आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे आणि कायदा शिकवणारे यांच्यात एक वाद रंगला आहे. नागपुरातल्या जाणकारांनीही त्यात भाग घ्यावा म्हणून हा धागा काढत आहे.

इंजेक्शनच्या ॲम्प्यूल ज्या काचेच्या नळ्यांपासून तयार होतात, त्या नळ्या ही कंपनी विकते. जास्त माल उचलणाऱ्याला जास्त सवलत, अशी तिची पद्धत होती आणि त्यामुळे ॲम्प्यूल बनवणाऱ्या इतर कारखान्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार २०१० मध्ये झाली. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये दंड ठोठावला, अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय कायम ठेवला. वर्चस्वाचा गैरवापर झाला असे म्हणायचे असेल, तर त्या वागण्याचा स्पर्धेवर प्रत्यक्षात काय परिणाम झाला हे तपासलेच पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ मध्ये अशी अट शब्दशः लिहिलेली नाही.

माझे मत असे की अर्थशास्त्राचा खरा उपयोग नियम ठरवताना व्हावा. कोणते वागणे बहुतेक वेळा घातक ठरते हे सिद्धान्ताने आणि अनुभवाने एकदा ठरवावे, कायद्यात लिहावे आणि पुढे न्यायाधीशाने ते लागू करावे. प्रत्येक खटल्यात सिद्धान्ताची नव्याने परीक्षा घेतली, तर ज्याच्याकडे तज्ज्ञ नेमायला पैसा आहे आणि वाट पाहायला वेळ आहे, त्याचेच पारडे जड राहते. अमेरिकेत १९७७ च्या जीटीई सिल्व्हेनिया निकालापासून शिकागोच्या (बाजारात न्यायालयांनी कमीत कमी ढवळाढवळ करावी असे मानणाऱ्या) अर्थशास्त्रज्ञांचे युक्तिवाद न्यायालयांनी एकामागून एक स्वीकारले आणि तक्रारदाराच्या खांद्यावरचा पुराव्याचा भार वाढत गेला. आपणही त्याच वाटेने जात आहोत का?

ॲड_लक्ष्मीनगर

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो.

सवलत देणे हेच तर स्पर्धेचे फळ आहे. मोठ्या खरेदीवर जास्त सवलत देणाऱ्या प्रत्येक वर्चस्वशाली कंपनीला दोषी धरले, तर उद्या ती सवलतच बंद करील आणि त्याचा फटका शेवटी औषध घेणाऱ्या रुग्णाला बसेल. प्रतिस्पर्ध्याचे नुकसान म्हणजे स्पर्धेचे नुकसान नव्हे, आणि हा फरक परिणाम तपासल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

नियमावर विसंबून राहण्याचा अनुभव आपण घेतलेला आहे. १९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार प्रथा) कायद्यात २० कोटींच्या वर मालमत्ता गेली की उद्योगसमूहाला विस्तारासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटी झाली आणि १९९१ मध्ये परवानगीची अटच गेली. तो कायदा मोठेपणालाच गुन्हा समजत होता. नव्या स्पर्धा कायद्यासाठी नेमलेल्या राघवन समितीने २००० मध्ये दिलेल्या अहवालानंतर आपण आकाराकडून वागणुकीकडे वळलो, आणि वागणुकीचे मोजमाप अर्थशास्त्राशिवाय कसे करणार?

दवाबाजार

वकीलसाहेब आणि मास्तर, दोघांचेही पटण्यासारखे आहे. पण घाऊक औषध विक्रेता म्हणून माझा अनुभव मांडतो.

कंपनीने एखाद्याला नवा स्टॉकिस्ट नेमायचे ठरवले की अनेक ठिकाणी तिथल्या विक्रेत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र मागितले जात असे. त्या पत्राची मागणी कायद्यात कुठेही नाही. माझ्याकडे परवाना होता, शीतपेटी होती, फार्मासिस्ट होता, कंपनीचा होकारही तोंडी मिळाला होता. पण पत्र नाही म्हणून पहिला माल येईना. संघटनेचे नाव इथे घेत नाही. पुढे स्पर्धा आयोगाने देशभरातल्या अनेक औषध विक्रेता संघटनांविरुद्ध या ना-हरकत पत्राच्या प्रथेवरून आदेश दिले, तेव्हा वाट मोकळी झाली.

त्या आदेशांत कलम ३(३) कामी आले. एकाच धंद्यातले लोक एकत्र येऊन पुरवठा अडवतात तेव्हा स्पर्धेवर विपरीत परिणाम होतो असे कायदाच गृहीत धरतो आणि तसे झाले नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. माझ्यासारख्याला जर नागपूरच्या औषध बाजाराचे गणिती प्रतिरूप दिल्लीला नेऊन मांडावे लागले असते, तर मी घरीच बसलो असतो. म्हणून मला मास्तरांची बाजू जवळची वाटते.

मीरा_सांख्यिकी

दवाबाजार दादा, आपण फार नेमके उदाहरण दिलेत. मात्र तिथे अर्थशास्त्र अनुपस्थित नव्हते, तर आधीच घोटून कायद्यात उतरवलेले होते. स्पर्धकांनी संगनमताने पुरवठा रोखला तर किंमत वाढते आणि त्यातून समाजाला भरपाई करणारा फायदा सहसा निघत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाही. म्हणून तिथे गृहीत धरणे परवडते. वर्चस्वशाली कंपनीची सवलत, दोन वस्तू एकत्र विकणे किंवा एकाच वितरकाशी करार करणे यांबाबत तसे एकमत नाही, कारण तेच वागणे कधी कार्यक्षमतेतून येते आणि कधी प्रतिस्पर्ध्याला बाहेर ठेवण्यासाठी असते.

शिवाय गृहीतक असले तरी ‘संगनमत झाले’ हे आधी सिद्ध करावेच लागते, आणि तिथे सिद्धान्त पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो.

बुटीबोरी_लघुउद्योग

सिमेंटच्या प्रकरणाविषयी कुणी सविस्तर लिहील का? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात एवढे कारखाने असताना आम्ही शेड बांधताना सगळीकडे एकच भाव ऐकत होतो.

मीरा_सांख्यिकी

लिहिते. सगळीकडे एकच भाव ऐकू येणे हा पुरावा नव्हे, आणि या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न तोच आहे. विक्रेते मोजके, माल एकसारखा, भाव सर्वांना ठाऊक असा बाजार असेल तर एकमेकांशी एक शब्दही न बोलता किमती एकत्र चढतात. मी भाव उतरवला तर दुसराही लगेच उतरवणार, मग मिळवले काय, असा विचार प्रत्येक जण स्वतंत्रपणे करतो. अर्थशास्त्रज्ञ स्टिगलर यांनी १९६४ मध्ये याची दुसरी बाजू मांडली : संगनमत टिकायचे असेल तर फितूर होणारा पकडता आला पाहिजे. म्हणून तपास करणाऱ्याने भावाच्या आलेखाबरोबरच एकमेकांवर नजर ठेवण्याची व्यवस्था शोधावी लागते.

आयोगाने २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. त्यात किमतींच्या समांतर हालचालींखेरीज क्षमता असूनही उत्पादन आणि माल पाठवणे आखडते घेणे आणि संघटनेच्या व्यासपीठावरून होणारी किमतींच्या माहितीची देवाणघेवाण, अशी जोड होती. ते प्रकरण फेरसुनावणीला गेले, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला आणि २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांना मात्र सोडले. इंडियन ऑइलच्या निविदेत त्यांनी जवळजवळ सारख्या बोली लावल्या होत्या आणि निविदेच्या आधी त्यांची बैठकही झाली होती. न्यायालयाने बाजाराची रचना पाहिली : खरेदीदार तीनच सरकारी तेल कंपन्या, वस्तू ठरावीक मापाची, जुने दर सर्वांना माहीत. अशा ठिकाणी बोली सारख्या येण्याला संगनमताशिवाय दुसरे कारण संभवते, असे न्यायालयाने मानले. सिमेंटमध्ये सिद्धान्ताने आरोपाला बळ दिले आणि सिलिंडरमध्ये त्याच सिद्धान्ताने तो आरोप ढासळवला. मला हे अर्थशास्त्राचे यश वाटते.

ॲड_लक्ष्मीनगर

मीराताई, सुंदर मांडणी. सिलिंडरच्या निकालावर टीकाही बरीच झाली, कारण निविदेआधीच्या बैठकीला न्यायालयाने पुरेसे वजन दिले नाही असे अनेकांना वाटते. मलाही तसेच वाटते. संरचना समजून घेण्यासाठी सिद्धान्त हवा. पण टेबलावर पडलेला पुरावा बाजूला सारण्यासाठी तो वापरला जाऊ नये.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक नोंद : महानिर्मितीच्या (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या) कोळसा समन्वयाच्या, म्हणजे खाणीतून केंद्रापर्यंत कोळसा आणण्यावर देखरेखीच्या, निविदांमध्ये संगनमत केल्याबद्दल आयोगाने २०१८ मध्ये तीन कंपन्यांना मिळून सुमारे १३५ कोटींचा दंड केला.

निवृत्त_अभियंता_काटोलरोड

कोळशाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझी नोकरी औष्णिक वीज केंद्रात इंधन विभागात गेली.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे की कोळशाची किंमत त्याच्या उष्मांकावर ठरते. जानेवारी २०१२ पासून जी-१ ते जी-१७ अशा श्रेणी आहेत आणि बहुतेक श्रेणी ३०० किलोकॅलरींच्या पट्ट्यांच्या आहेत. रेक वीज केंद्रात आली की वॅगन टिप्पलरवर उलटतात, जाळीवर मोठे दगड अडकतात, ते माणसे लावून वेगळे काढावे लागतात. त्यानंतर प्रश्न येतो तो नमुन्याचा. नमुना खाणीपाशी, म्हणजे माल भरताना घ्यायचा की केंद्रात उतरवताना? कोणत्या वॅगनमधून, किती खोलीवरून? ओलावा कसा धरायचा? नमुना कुठे घेतला यावर श्रेणी एक-दोन पायऱ्या वरखाली होऊ शकते आणि पैशांचा सगळा हिशेब तिथेच फिरतो. करारात नमुना घेण्याची जागा आणि पद्धत कोण ठरवतो, हा आमच्या दृष्टीने भावाइतकाच मोठा प्रश्न होता.

आता कायद्याकडे येतो. महानिर्मिती आणि गुजरातची सरकारी वीजनिर्मिती कंपनी यांनी कोल इंडिया व तिच्या उपकंपन्यांविरुद्ध तक्रार केली. त्या उपकंपन्यांत आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्सही होती. नमुना घेणे, दगडांची भरपाई, पुरवठ्याच्या अटी या एकतर्फी आहेत असे आयोगाने ठरवून डिसेंबर २०१३ मध्ये १,७७३ कोटींचा दंड केला. प्रकरण परत पाठवले गेले आणि २०१७ मध्ये दंडाची रक्कम ५९१ कोटींवर आली. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने आम्हाला मक्तेदारी दिली आहे आणि आम्ही लोकहितासाठी चालतो, म्हणून स्पर्धा कायदा आम्हाला लागू नाही, असे कोल इंडियाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ते फेटाळले.

मास्तरांना माझा प्रश्न असा. इथे कोणत्या सिद्धान्ताची गरज होती? आयात कोळसा आमच्या बॉयलरला हवा तसा बदली म्हणून चालत नाही, हे कुठल्याही इंधन अभियंत्याने सांगितले असते. दुसरीकडे जायची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता अटी लिहून देतो आणि गिऱ्हाईक सही करते. याला परिणामाचे वेगळे मोजमाप कशाला?

धरमपेठचा_मास्तर

अभियंता साहेब, आपले निरीक्षण मोलाचे आहे. आपण सांगितलेली बॉयलरची गोष्ट म्हणजेच संबंधित बाजार ठरवणे आहे. अर्थशास्त्रज्ञ हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो : विक्रेत्याने किंमत पाच-दहा टक्क्यांनी कायमची वाढवली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल का? अमेरिकेत १९८२ च्या विलीनीकरण मार्गदर्शिकेपासून ही कसोटी रूढ झाली. पण ती आंधळेपणाने लावली तर फसगत होते. सेलोफेन बनवणाऱ्या ड्युपॉन्ट कंपनीच्या १९५६ च्या प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने सेलोफेनला मेणकागदासारखी इतर वेष्टने पर्याय म्हणून चालतात असे मानले. सेलोफेनची किंमत आधीच इतकी चढलेली होती की लोक इतर वेष्टनांचा विचार करू लागले होते. मक्तेदाराने भाव टोकाला नेल्यावर पर्याय दिसू लागतात, आणि तेच पर्याय दाखवून तो मक्तेदार नसल्याचे ठरते. अशा वेळी जाळीवरचे दगड वेचणाऱ्या माणसाची साक्ष प्रतिरूपापेक्षा खरी असते.

परिणामाविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. गिऱ्हाइकावर अन्यायकारक अटी लादणे आणि प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलणे हे गैरवापराचे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात अट स्वतःच हानी असते. दुसऱ्यात हानी होईल की नाही याचा अंदाज करावा लागतो. शॉट निकालाच्या वाचनात हा भेद पुसला जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

संत्राबागाईत_नरखेड

आम्हा विकणाऱ्यांचे या कायद्यात काही स्थान आहे काय? सगळी चर्चा गिऱ्हाइकाच्या भावाची चालली आहे. आंबिया बहाराला व्यापारी बगीचा पाहून जातात, एकाने जो भाव बोलला त्याच्या आसपासच पुढचे चार बोलतात. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तरी संत्रे झाडावर थांबत नाही. नागपूरच्या कळमना बाजारात नेले तरी तोंडे तीच.

मीरा_सांख्यिकी

भाऊ, स्थान आहे. कलम ३(३) मध्ये विक्रीच्या किमतीबरोबर खरेदीची किंमत संगनमताने ठरवणेही येते आणि कलम ४ मध्ये अन्यायकारक खरेदी किंमतही येते. मोजक्या खरेदीदारांच्या बाजाराचा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडला आणि त्याचा गाभा आपण दोन ओळींत सांगितलात : माल टिकत नाही, दुसरे गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव पाडूनही माल मिळतो.

अडचण अशी की ग्राहकाला स्वस्त मिळाले की सगळे ठीक, असे मानणाऱ्या पठडीला शेतकऱ्याचे नुकसान दिसतच नाही. उलट ती म्हणेल की खरेदी स्वस्त झाली म्हणजे विक्री स्वस्त होईल. प्रत्यक्षात पाडलेल्या भावाने लागवड घटते, माल कमी होतो आणि शहरातला भाव उतरत नाही.

ॲड_लक्ष्मीनगर

याच मुद्द्यावर मला मास्तरांच्या बाजूने बोलायचे आहे. आपल्या कायद्याची उद्देशिका पाहा. स्पर्धेवर विपरीत परिणाम करणाऱ्या प्रथा रोखणे, स्पर्धा वाढवणे व टिकवणे, ग्राहकांचे हित जपणे आणि बाजारातल्या इतर सहभागींचे व्यापारस्वातंत्र्य राखणे, असे चारही हेतू तिथे लिहिलेले आहेत. ग्राहककल्याण हा एकच निकष अमेरिकेत न्यायालयांनी स्वीकारला म्हणून तो आपल्यावर बंधनकारक होत नाही. नरखेडचे भाऊ आणि दवाबाजार दादा हे दोघेही ‘इतर सहभागी’ आहेत. परिणाम तपासायचा तर चारही हेतूंवरचा परिणाम तपासला पाहिजे.

सीताबर्डी_मोबाईल

तोट्यात विकून इतरांना उठवणाऱ्यांचे काय? जिओ आले तेव्हा ५ सप्टेंबर २०१६ पासून ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट होते. आमच्या काउंटरवर दुसऱ्या कंपन्यांचे रिचार्ज जवळपास बंद पडले. तरी आयोगाने जून २०१७ मध्ये एअरटेलची तक्रार चौकशीविना निकाली काढली.

धरमपेठचा_मास्तर

कारण कायदा आधी वर्चस्व विचारतो आणि जिओ तेव्हा नवागत होती. सिद्धान्त म्हणतो की लहान वाट्याची कंपनी तोटा पुढे वसूल करू शकणार नाही. पण कलम १९(४) मध्ये वर्चस्व ठरवताना कंपनीची साधनसंपत्तीही पाहायला सांगितले आहे, आणि दुसऱ्या धंद्याच्या बळावर तोटा सोसणाऱ्याला केवळ बाजारातल्या वाट्याने मोजणे मला अपुरे वाटते.

किंमत ‘खर्चापेक्षा कमी’ म्हणजे कोणत्या खर्चापेक्षा, हाही मोठा प्रश्न आहे. अमेरिकी अभ्यासक अरीडा आणि टर्नर यांनी १९७५ मध्ये सीमान्त खर्च (आणखी एक नग बनवायला येणारा खर्च) हा निकष सुचवला आणि तो मोजणे कठीण म्हणून सरासरी बदलता खर्च (उत्पादनाबरोबर वाढणाऱ्या खर्चाची दर नगामागची सरासरी) वापरा असे सांगितले. आपल्या नियमांनीही तोच खर्च सर्वसाधारणपणे धरला. भट्टी चालवणाऱ्या कारखान्याला हे लागू पडते. जिथे आणखी एका ग्राहकाला सेवा द्यायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तिथे या निकषावर शून्य किंमतही निर्दोष ठरते. असा निकष जुन्या उद्योगासाठी घडलेला आहे आणि तो बदलण्याचे काम अर्थशास्त्रज्ञांनीच केले पाहिजे.

विधी_विद्यार्थिनी_वर्धारोड

सर, मग गूगलच्या प्रकरणांत परिणाम कसा मोजला? ऑक्टोबर २०२२ चा अँड्रॉइडचा १,३३७ कोटींचा दंड मार्च २०२३ मध्ये अपिलात टिकला, पण न्यायाधिकरणाने परिणाम तपासणे आवश्यक आहे असेही म्हटले. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात?

मीरा_सांख्यिकी

फोनसोबत आधीच बसवून आलेले ॲप वापरणारे लोक सहसा बदलत नाहीत, हे वागणुकीचे निरीक्षण तिथे निर्णायक होते. प्रतिस्पर्धी ॲपला तेवढे वापरकर्ते मिळवणे दुरापास्त होते, हाच परिणाम. आकड्यांचे मोठे प्रतिरूप लागले नाही. परिणाम तपासणे म्हणजे दर वेळी समीकरणे मांडणे, हा समज वकील आणि अर्थशास्त्रज्ञ दोघांनीही सोडला पाहिजे.

दवाबाजार

मूळ प्रश्नाकडे येतो. शॉटची तक्रार २०१० ची, निकाल २०२५ चा. तक्रारदार जिंको वा हरो, पंधरा वर्षे कुठला लहान कारखाना तग धरील? मास्तर, आपण नियम म्हणता, वकीलसाहेब परिणाम म्हणतात. मला दोघांकडून एवढेच हवे आहे की सवलतीच्या प्रकरणात माझ्यासारख्याने पहिल्या दिवशी काय घेऊन जायचे ते सांगा.

ॲड_लक्ष्मीनगर

दादा, प्रश्न रास्त आहे. विक्रेत्याची सवलतपत्रके तारखेसह, आपल्याला आणि इतरांना लागलेले दर जितके मिळतील तितके, दुसऱ्या पुरवठादाराकडे वळण्याचा आपण केलेला प्रयत्न आणि तो का फसला याची पत्रे, आणि सवलत बदलण्याच्या आधीची व नंतरची आपली विक्री. पहिल्या टप्प्यावर आयोगाला प्रथमदर्शनी प्रकरण दिसले पाहिजे. पुढचा शोध महासंचालकांनी, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, घ्यायचा असतो. समोरच्या कंपनीला साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी मिळेल याकडेही लक्ष ठेवा, कारण शॉट प्रकरणात आयोगाची बाजू त्या कारणानेही कमकुवत झाली.

धरमपेठचा_मास्तर

मी यात एक भर घालतो आणि वकीलसाहेबांनी ती तपासावी. कंपनीचा वाटा फार मोठा असेल, पर्यायी पुरवठादार नसेल आणि सवलतीची अट अशी असेल की थोडा माल दुसरीकडून घेतला तरी सगळ्या मालावरची सवलत जाते, तर हानी गृहीत धरावी आणि सवलतीमागे खर्चाची खरी बचत आहे हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. या तीन गोष्टी दवाबाजार दादांना कागदांवरून दाखवता येतील. बचतीचे आकडे मात्र कंपनीच्याच वह्यांत असतात.

ॲड_लक्ष्मीनगर

पहिल्या दोन अटी मान्य. तिसरीसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, नुसत्या मार्गदर्शिकेने भागणार नाही. कलम ४ मध्ये कुठे आणि कोणत्या शब्दांत, त्याचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो.